ठोका चुकला म्हणजे काय झालं? नाडीपासून कार्डिओग्रामपर्यंतची गोष्ट



आपल्या भाषेत काळजासाठी शब्दांची कमी नाही. काळजाचा ठोका चुकतो, ऊर धपापतो, छातीत धडधडतं, पोटात धस्स होतं, काळीज लक्कन हलतं. यातले बरेचसे शब्द आपण भीतीसाठीही वापरतो आणि दुखण्यासाठीही. त्यामुळे एखादी बाई "छातीत धडधडतंय" म्हणाली, की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "एवढं घाबरायला काय झालं?" तिला नक्की काय होतंय, हे विचारायचं राहून जातं.

कासारसाईत आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला, की बाया एकेक सांगू लागतात. कुणाला आवणीला वाकल्यावर धडधडतं, कुणाला रात्री कुशीवर झोपल्यावर ठोका अडखळल्यासारखा वाटतो. कुणी कार्डिओग्राम काढलेला असतो आणि त्यावरचं इंग्रजी वाचून घरात चार दिवस चूल नीट पेटलेली नसते. कुणाला मात्र "काही नाही, मनाचे खेळ आहेत" असं सांगून परत पाठवलेलं असतं.

म्हणून आज आम्ही या धडधडीचा इतिहास सांगणार आहोत. माणसांनी ती कशी ओळखली, कागदावर कशी उतरवली, आणि त्यात बाईचं म्हणणं कुठे ऐकलं गेलं, कुठे नाही. या गोष्टीतली काही ठिकाणं आपल्या अगदी शेजारची आहेत.

सुरुवात वैद्याच्या तीन बोटांपासून करू. शार्ङ्गधर संहिता हा साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला ग्रंथ. नाडी कशी पाहावी, याचं वर्णन त्यात आहे. कुठली नाडी सापासारखी सरपटते, कुठली बेडकासारखी उड्या मारते, कुठली हंसासारखी संथ चालते, अशा ओळखीच्या प्राण्यांच्या चालींवरून ती समजावली आहे. बाईची नाडी डाव्या हाताची पाहायची, ही रीतही जुनी. त्याच ग्रंथात असं सांगितलं आहे, की जी नाडी थांबत थांबत चालते ती प्राण घेणारी समजावी.

त्या काळच्या वैद्याकडे फक्त बोटं होती. थांबणारी नाडी त्याला बहुतेक करून मरायला टेकलेल्या माणसाच्या हातात सापडत असणार, कारण धडधाकट माणसाची नाडी रोज कोण बघतो? म्हणून थांबली नाडी म्हणजे मरण, हे समीकरण बसलं. ठोका चुकला की आपल्याला आजही दरदरून घाम फुटतो, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

आज माहीत झालं आहे ते असं. बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतोच. एक ठोका वेळेच्या आधी पडतो. तो इतका लवकर येतो, की हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं आणि मनगटावर तो लागत नाही. मग हृदय जरा थांबतं, जास्त रक्त भरून घेतं आणि पुढचा ठोका जोरात मारतं. आपल्याला जाणवते ती ही मधली पोकळी आणि नंतरचा दणका. असे आगंतुक ठोके निरोगी माणसांतही सर्रास सापडतात. सगळी अनियमित नाडी निरुपद्रवी नसते, हेही खरं, आणि त्याकडे आपण येणारच आहोत.

आता वैद्याच्या बोटांकडून डॉक्टरच्या नळीकडे येऊ. स्टेथोस्कोप एका बाईमुळे जन्माला आला, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? १८१६ साली पॅरिसमध्ये रने लाएनेक नावाच्या डॉक्टरकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण स्त्री आली. तेव्हा छातीला कान लावून ठोके ऐकायची पद्धत होती. परक्या तरुण बाईच्या छातीला कान कसा लावायचा, म्हणून तो अडला. त्यानं कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. ठोके आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आले. पुढे त्यानं लाकडी नळी बनवली.

संकोचातून मार्ग निघाला, असं तिथे झालं. आपल्याकडे मात्र संकोचानं किती जणी दवाखान्याची पायरीच चढल्या नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, त्या याच कारणानं. पुरुष डॉक्टरला दाखवायला बाया तयार नसतात, म्हणून बायांच्या डॉक्टर बायाच हव्यात, हे त्यांनी जाण्याआधी भर सभेत सांगितलं होतं. १८८६ साली त्या पदवी घेऊन डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयानं पुण्यात वारल्या. वय अवघं एकवीस.

त्याच १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञानं माणसाच्या हृदयात प्रत्येक ठोक्याला उठणारी विजेची बारीक लहर पहिल्यांदा टिपून दाखवली. तिचा दवाखान्यात उपयोग होईल अशी रीत बसवली ती हॉलंडच्या विलेम आइंटहोवेन यांनी, १९०० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रोग्याला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या कार्डिओग्रामवरच्या खुणांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्यांनीच दिली. पी म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकसताना उठलेली लहर, मधला उंच सुळका म्हणजे खालचे मोठे कप्पे आकसताना उठलेली, आणि टी म्हणजे पुढच्या ठोक्याआधी ते सैल पडतानाची.

त्या मिठाच्या पाण्याच्या जागी आता थोडी जेली आणि चिमटे आले. पण छातीवर सहा ठिकाणी बिंदू चिकटवावे लागतात, त्यातले काही डाव्या स्तनाच्या खाली येतात. जागा चुकली तर पट्टीही चुकीची येते. म्हणून लाजून अंग चोरू नये. नर्सबाई हव्यात, पडदा हवा, वरून ओढणी हवी, असं सांगायचा आपल्याला अधिकार आहे.

आता एक हिशेब करू. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके होतात. साधा कार्डिओग्राम साधारण दहा सेकंदांचा असतो, म्हणजे त्यात जेमतेम बारा ठोके येतात. लाखातले बारा! रात्री दोन वाजता धडधडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी काढली, तर ती नॉर्मल येणारच. त्या पट्टीनं एवढंच सांगितलं, की ती काढली तेव्हा ठोके ठीक होते. रात्री तिला काय झालं, याबद्दल ती पट्टी काहीच बोलत नाही.

ही अडचण अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी ओळखली. १९४०च्या दशकात त्यांनी चालत्याफिरत्या माणसाचे ठोके टिपायचं यंत्र पाठीवर बांधलं, ते जवळपास ३८ किलोचं होतं. आज तेच यंत्र ओंजळीत मावतं आणि २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगावर ठेवता येतं. त्याला होल्टर तपासणी म्हणतात. धडधड रोज किंवा दिवसाआड येत असेल तर या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

यंत्रं सुधारली, पण ऐकणाऱ्याचा कान सुधारला का? युरोप-अमेरिकेत बायांच्या धडधडीला फार काळ हिस्टेरिया म्हटलं गेलं. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आला आहे. आणि तिकडच्याच यादवी युद्धातल्या सैनिकांना तशीच धडधड आणि धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टर दा कोस्टा यांनी १८७१ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. सैनिकाचं हृदय, असं नाव त्या दुखण्याला पडलं. तक्रार तीच, पण शिपायाला आजार मिळाला आणि बाईला शिक्का. आपल्याकडेही बाईला नजर लागली, बाहेरची बाधा झाली, नाहीतर नाटकं करते, असंच म्हटलं गेलं.

या वादात पुण्याशी नातं असलेल्या एका शास्त्रज्ञाचं काम फार मोलाचं आहे. डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पुढे दिल्लीच्या एम्सचे ते पहिले संचालक झाले. १९३४ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. राग, भीती, भूक, झोप यांच्याशी त्याचा संबंध. तो भाग चेतवला, की निरोगी हृदयाचे ठोकेही अनियमित होतात, हे त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? भीतीनं, काळजीनं, जागरणानं ठोके बिघडतात, आणि ते खरोखर बिघडतात. नवऱ्याच्या दारूमुळे, कर्जाच्या हप्त्यामुळे जिची झोप उडाली आहे, तिची धडधड खोटी नसते. "मनाचं आहे" हे कुणी म्हणालं, तर मनाचं दुखणंही अंगावर उमटतं, हे त्याला सांगायला हरकत नाही. त्याचबरोबर, मनाचं आहे असं ठरवण्याआधी अंगाची कारणं तपासून झालेली हवीत.

ही कारणं साधी साधी असतात. पहिलं कारण अंगात रक्त कमी असणं. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली, गरोदरपणी ११च्या खाली गेलं, की त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्त पातळ झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मग हंडा उचलला तरी धडधडतं. दुसरं कारण थायरॉइड. तिसरं ताप, अंगातलं पाणी कमी होणं, पाळी जायच्या वयातले बदल. आणि चौथं आपल्याच कोनाड्यात असतं, मिश्रीची डबी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दात घासायच्या निमित्तानं तो दिवसातून चार वेळा हिरड्यांना लावला, की त्यातलं निकोटिन ठोके वाढवतंच.

याहून गंभीर कारण झडपांचं आहे, आणि त्याची गोष्ट पिंपरीशी जोडलेली आहे. लहान मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूनं सुजतो. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना आठ-पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं ताप येतो, मोठे सांधे आलटून पालटून सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर वण राहतो. वर्षानुवर्षं ती झडप आकसत जाते. मुलगी मोठी होते, लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात रक्त वाढतं, आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकेना झालं की पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर तिला धाप लागते, धडधडतं, आडवं झालं की खोकला येतो. "पोटुशीला असं होतंच" म्हणून घरचे गप्प बसतात. या आजारात बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असते. पुढे वरचे कप्पे ताणले जाऊन नुसते थरथरू लागतात. नाडीचा ताल पार जातो, एकही ठोका दुसऱ्यासारखा पडत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ, म्हणतात. त्या थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर तरण्याताठ्या बाईला लकवा होतो.

हे टाळायचं औषध म्हणजे पेनिसिलिन. स्वातंत्र्यानंतर ते बाहेरून आणावं लागे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आज आपण पिंपरीला भाजी घेऊन जातो, कामाला जातो, त्या रस्त्यावरचा हा इतिहास आहे. मुलाचा घसा दुखून ताप आला तर दाखवावं. ज्यांची झडप बिघडली आहे त्यांना तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते मध्येच सोडू नये.

दुसरी गोष्ट ताम्हिणी घाट उतरून खाली, रायगड जिल्ह्यातल्या महाडची. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं तिथे लेकरं आणि माणसं दगावत होती. दंशाची आग सगळ्यांना दिसे, पण मरण कशानं येतं हे नीट उमगलेलं नव्हतं. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, ठोके, घाम, उलटी यांची नोंद ठेवली. विष थेट हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर घाला घालतं, ठोके बिघडतात आणि छातीत पाणी भरतं, हे त्यातून पुढे आलं. १९८२ साली त्यांचं हे काम लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात आलं. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी मांडला. आधी छातीत पाणी भरलेल्या शंभरातले २५ ते ३० रोगी दगावत, ते प्रमाण पुढे एकाच्या आसपास आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या संशोधनात बरोबरीनं होत्या. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

पेंढ्यात, सरपणात, दगडांच्या बांधात हात घालणाऱ्या आपण, आणि ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर उघड्या जमिनीवर झोपणाऱ्या आपल्या बहिणी. विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, धडधड यातलं काही दिसलं तर मंत्र-उतारा करत बसू नये. थेट दवाखाना गाठावा. आणि महाडची गोष्ट आणखी एक शिकवते. मोठ्या यंत्राआधी तिथे उपयोगी पडली ती काळजीपूर्वक ठेवलेली नोंद.

आता रिपोर्टवरच्या शब्दांकडे येऊ, कारण अर्धी भीती तिथूनच येते. "साइनस रिदम" म्हणजे ठोके आपल्या नेहमीच्या जागेवरून निघत आहेत, ही चांगली खबर. "टॅकिकार्डिया" म्हणजे शंभरच्या वर ठोके, "ब्रॅडिकार्डिया" म्हणजे साठच्या खाली. "एक्टोपिक", "व्हीपीसी", "एपीसी" म्हणजे मघाशी सांगितलेले आगंतुक ठोके. ते किती आहेत आणि हृदयाची ताकद कशी आहे, यावर त्यांचं महत्त्व ठरतं.

"ब्लॉक" या शब्दानं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कार्डिओग्रामवरचा "बंडल ब्रँच ब्लॉक" म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज ही वेगळी गोष्ट, ती साधारणपणे अँजिओग्राफीत दिसते. दोन्हीला ब्लॉकच म्हणतात, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, "विजेचा का रक्ताचा?"

इकोच्या रिपोर्टवर "ईएफ ६०%" लिहिलेलं असतं. ते वाचून चाळीस टक्के हृदय निकामी झालं असं समजू नये. हृदय भरलेलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकलं, म्हणजे काम उत्तम चाललं आहे. आणि यंत्रानं पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात आपोआप छापलेलं वाक्य हा अंतिम निकाल नसतो. ती पट्टी डॉक्टरांनी स्वतः बघून आपल्या तक्रारीशी जुळवायची असते.

शेवटी, घरी काय करायचं ते सांगतो. वैद्याची तीन बोटं आपल्यालाही आहेत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण ताल बिघडलेला असेल तर हिशेब चुकतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ६० ते १०० ठोके ठीक. धडधड झाली की वहीत लिहा: तारीख, वेळ, किती मिनिटं टिकली, ठोके किती, एका तालात होते का वेडेवाकडे, तेव्हा आपण काय करत होतो, चहा, मिश्री किंवा कुठली गोळी घेतली होती का. जुने कार्डिओग्राम टाकून देऊ नका. त्यांची शाई उडते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवा. नवी पट्टी जुनीशी ताडून पाहता आली, की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीवर दाब आला, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर १०८ला फोन करा. सकाळ होईपर्यंत थांबू नका. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गरोदर सुनेला आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर त्याच दिवशी तपासून घ्या.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं हिशेबाच्या वहीची मागची चार पानं यासाठी मोकळी ठेवावीत आणि शेजारणीची नाडी एकमेकींनी मोजून पाहावी. मोजलेला आकडा आणि लिहिलेली वेळ घेऊन बाई दवाखान्यात गेली, की तिला "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवणं कुणालाही अवघड जाईल.